आईचे माहेरचे आडनाव : एका रकान्याचा इतिहास

कोणताही अर्ज हाती आला की आधी त्यातील रकाने वाचून काढण्याची आम्हांस खोड आहे. राज्य सरकारच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ती जडतेच. रकाना आपोआप उगवत नाही. कोणीतरी, कोठल्यातरी बैठकीत, काहीतरी मनात धरून तो घातलेला असतो. पुढे ती बैठक विस्मरणात जाते, घालणारे निवृत्त होतात, आणि रकाना मात्र वर्षानुवर्षे छापला जातो. अलीकडे आपल्या बडोद्यातील मराठी घरांतही अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांचे अर्ज भरले जातात. नातवंडे संगणकापुढे बसतात, आईवडील रात्र रात्र जागून निबंध तपासतात, आणि मध्येच कोणीतरी विचारते की आईवडील कोठे शिकले, काय करतात, घरात कोणती भाषा बोलतात, या सगळ्याचा मुलाच्या गुणांशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या हार्वर्डमध्ये सापडते.

आज हार्वर्डमध्ये अर्ज करणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम चारांना जागा मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थिती अगदी वेगळी होती. कॉलेजची प्रवेशपरीक्षा असे. तीत लॅटिन, गणित असे विषय असत. ती उत्तीर्ण झाली आणि फीची सोय असली की मुलगा दाखल झाला. निवड अशी नव्हतीच, कारण परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या शाळा मोजक्या आणि महाग होत्या. चाळणी लागायची ती तेथेच लागून जाई. पुढे ग्रीकची सक्ती गेली. १९०० साली काही महाविद्यालयांनी मिळून परीक्षा मंडळ स्थापन केले, १९०१ मध्ये त्याची पहिली परीक्षा झाली, आणि काही वर्षांत हार्वर्डनेही त्या परीक्षा मान्य केल्या. त्यामुळे सरकारी शाळेतल्या हुशार मुलाला दार उघडले. विद्यापीठाच्या चालकांना वाटले, देशभरातून चांगली मुले येतील. चांगली मुले आलीही. पण ती नेमकी कोणाची असतील याचा अंदाज चालकांना नव्हता.

ती पुष्कळशी ज्यू होती. १८८१ नंतर रशियाच्या साम्राज्यातून आणि पूर्व युरोपातून सुमारे वीस लाख ज्यू अमेरिकेत गेले. शिवणकाम, फेरीचा धंदा, छोटी दुकाने यांवर त्यांची गुजराण चाले. या मंडळींना विद्यापीठाच्या दारातील पहारा नवा नव्हता. झारच्या सरकारने १८८७ साली नियमच केला होता : ज्यूंना राहण्यास नेमून दिलेल्या प्रदेशातील विद्यालयांत ज्यू विद्यार्थी शेकडा दहा, त्याबाहेर पाच, आणि मॉस्को व सेंट पीटर्सबर्ग या दोन राजधान्यांत अवघे तीन. हा नियम मागे टाकून, समुद्र ओलांडून जे आईबाप न्यूयॉर्कला उतरले, त्यांनी मुलांना सरकारी शाळेत घातले आणि परीक्षेवर विश्वास ठेवला. हार्वर्डमध्ये १९०० च्या सुमारास ज्यू विद्यार्थी शेकडा सात होते. १९२२ मध्ये नव्या वर्गात ते शेकडा एकवीसच्या वर गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबियामध्ये तर हे प्रमाण चाळीसच्या आसपास पोहोचले होते.

हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल हे बॉस्टनच्या जुन्या, वजनदार घराण्यातले. १९२२ च्या उन्हाळ्यात त्यांनी ज्यूंचे प्रमाण शेकडा पंधरावर आणण्याचा विचार मांडला. त्यांची युक्तिवादाची पद्धत सरकारी कागदपत्रे हाताळलेल्या माणसाला ओळखीची वाटेल. ज्यू वाढले की त्यांच्याविरुद्धचा द्वेष वाढतो, म्हणून त्यांची संख्या मर्यादित ठेवणे हे त्यांच्याच हिताचे, असे ते म्हणत. खाजगी पत्रात त्यांनी उन्हाळी हॉटेलाचा दाखला दिला होता : ज्यू गिऱ्हाइके आली की जुनी गिऱ्हाइके जातात, आणि जुनी गेली की ज्यूही येईनासे होतात. लोवेल मूर्ख नव्हते, कामचुकारही नव्हते. प्रशासक म्हणून त्यांची योग्यता मोठी होती. म्हणूनच त्यांचे पुढचे पाऊल अभ्यासण्यासारखे आहे.

उघड टक्केवारीची बातमी वर्तमानपत्रांत आली आणि गदारोळ झाला. विद्यापीठाच्या देखरेख मंडळावरील पहिले ज्यू सदस्य न्यायमूर्ती ज्युलियन मॅक यांनी विरोध केला. कायद्याचे प्राध्यापक फेलिक्स फ्रँकफर्टर यांनीही केला. प्रकरण तेरा जणांच्या समितीकडे सोपवण्यात आले. समितीने १९२३ च्या एप्रिलमध्ये टक्केवारी नामंजूर केली. वर पाहता लोवेल हरले. परंतु त्याआधीच, १९२२ च्या शरदऋतूत, प्रवेशाच्या अर्जात काही नवे रकाने आले होते. वंश व वर्ण. धर्म. वडिलांचे जन्मस्थान. आईचे माहेरचे आडनाव. आणि सर्वांत बोलका प्रश्न असा : जन्मापासून आजवर तुमच्या वा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे काय? झाला असल्यास सविस्तर खुलासा करावा.

हा शेवटचा प्रश्न आम्ही पुनःपुन्हा वाचला. अमेरिकेत गेल्यावर पुष्कळ ज्यू कुटुंबांनी नावे आखूड केली होती, इंग्रजी वळणाची केली होती. कोणी दुकानाच्या पाटीसाठी, कोणी नोकरीसाठी, कोणी केवळ शेजाऱ्यांना उच्चारता यावे म्हणून. वडिलांचे नाव बदलले तरी आईचे माहेर कोण बदलणार? म्हणून तो रकाना. बापाच्या नावावरून सुटलेला मुलगा आजोळच्या नावाने सापडावा, अशी ती योजना होती. विद्यापीठाच्या सांख्यिकांनी विद्यार्थ्यांची तीन गटांत वर्गवारीही केली होती : नक्की ज्यू, बहुधा ज्यू आणि कदाचित ज्यू. त्यांना अनुक्रमे जे-१, जे-२ आणि जे-३ अशी खुणेची अक्षरे होती. टिपणी लिहिण्यात हयात गेलेल्या आम्हांस तिसऱ्या गटाचे विशेष वाटते. संशयालाही अनुक्रमांक देण्याइतकी शिस्त त्या कचेरीत होती.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. ही वर्गवारी करणाऱ्या कारकुनापुढे जर आपल्या कोकणातील बेने इस्रायली मुलाचा अर्ज आला असता, तर त्याची पंचाईत झाली असती. वडील किहीमकर, आईचे माहेर पेणकर. गावावरून पडलेली ही आडनावे पाहून तो त्यांना कोणत्या गटात घालता? मराठी आडनाव धर्म सांगतेच असे नाही. जात मात्र ते बहुतेकदा सांगते, निदान आपण ती काढून घेतो. "आपण मूळचे कुठले?" हा प्रश्न आपल्या घरांत किती सहजपणे विचारला जातो, आणि उत्तराने समाधान झाले नाही तर "वहिनींचे माहेर कोणते?" इथपर्यंत आपण कसे येतो, हे वाचकांस सांगायला नको. लोवेलसाहेबांना जो रकाना छापावा लागला तो आपल्याकडे तोंडपाठ आहे. अलीकडे महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय केला. तेथे आईला मान देण्यासाठी तिचे नाव येते, येथे मुलाला अडवण्यासाठी आले होते. रकाना दिसायला सारखाच.

रकान्याने माणूस अडवण्याची कला अर्थात हार्वर्डने शोधून काढलेली नाही. १८६९ साली लंडनच्या सनदी परीक्षेत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. त्यांत मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर हे एक, आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त व बिहारीलाल गुप्ता हे बंगालमधले तीन. त्यांपैकी ठाकूर आणि सुरेंद्रनाथ यांना वयाच्या रकान्याने गाठले. मॅट्रिकच्या वेळी लिहिलेले वय आणि लंडनला सांगितलेले वय जुळेना, कारण आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगण्याची रीत. 'सोळावे चालू' असलेला मुलगा इंग्रजी हिशेबाने पंधरा वर्षांचा. दोघांचीही नावे यादीतून कमी झाली. मुलाच्या वयाची ही नोंद सहसा बापानेच शाळेत सांगितलेली असते; तिचा असा हिशेब कधी मागितला जाईल हे त्या पिढीतल्या कोणत्या बापाला ठाऊक असणार? प्रकरण लंडनच्या न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर दोघांची निवड कायम झाली. तेथे निदान वाद घालता आला, कारण चूक कागदावर होती.

हार्वर्डमध्ये पुढे जे घडले त्यावर वादही घालता येईना. समितीने टक्केवारी नाकारताना एक सूचना केली होती : चांगल्या शाळेत वर्गातील वरच्या सातव्या हिश्शात असलेल्या मुलाला परीक्षेशिवाय घ्यावे. दक्षिणेकडची, पश्चिमेकडची मुले यावीत हा हेतू. परिणाम उलटा झाला. १९२५ मध्ये नव्या वर्गातील ज्यूंचे प्रमाण शेकडा सत्तावीसच्या वर गेले. तेव्हा १९२६ च्या आरंभी नवे धोरण मंजूर झाले. वर्गाची संख्या एक हजारावर रोखायची, आणि निवड करताना केवळ गुण न पाहता चारित्र्य, व्यक्तिमत्त्व व योग्यता पाहायची. अर्जासोबत छायाचित्र मागवले जाऊ लागले. कोणाचे चारित्र्य कसे, हे ठरवण्याचे काम प्रवेश कचेरीकडे आले, आणि कारण देण्याचे बंधन राहिले नाही. ज्यूंचे प्रमाण पुढच्या काही वर्षांत शेकडा पंधराच्या आसपास आले, म्हणजे लोवेल यांना सुरुवातीला हवे होते तेथेच. कोलंबियात त्याही आधी दोन-तीन वर्षांत चाळीसचे बावीस झाले होते.

मुलाखत, शिफारसपत्र, खेळातील प्राविण्य, स्वतःविषयीचा निबंध आणि 'सर्वांगीण' मूल्यमापन यांची आज पालकांना धास्ती वाटते. त्या पद्धतीचा पाया हा असा घातला गेला. तिच्यात पुढे चांगल्या गोष्टीही आल्या. गुणपत्रिकेत न मावणारी मुले तिने वर आणली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पद्धतीचे जन्मसाल माहीत असलेले बरे.

त्या आईबापांनी काय केले? पुष्कळांनी मुलाला न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात घातले. तेथे फी नव्हती आणि प्रवेश गुणांवर होता. काहींनी नावे आणखी बदलली. काहींनी दुसरे दार शोधले. विज्ञानकथांमुळे आपल्या वाचकांच्या परिचयाचे असलेले आयझॅक असिमॉव्ह हे अशांपैकी एका घरातले. रशियातील पेत्रोविची गावी जन्म, तिसऱ्या वर्षी अमेरिकेत आगमन, वडिलांची ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटांची आणि वर्तमानपत्रांची दुकाने. मुलाने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा. १९३५ मध्ये पंधरा वर्षांचा हा मुलगा कोलंबिया कॉलेजच्या मुलाखतीस गेला. त्याला कोलंबियाने ब्रुकलिनमध्ये काढलेल्या सेथ लो नावाच्या कनिष्ठ महाविद्यालयात पाठवण्यात आले, जेथे बहुसंख्य मुले ज्यू आणि इटालियन घरांतली असत. वर्षभरात ते महाविद्यालयच बंद झाले आणि असिमॉव्ह कोलंबियाच्या मुख्य आवारात आले, तरी कोलंबिया कॉलेजचे विद्यार्थी म्हणून त्यांची गणना झाली नाही. १९३९ मध्ये पदवी मिळाली. वैद्यकीय महाविद्यालयांकडून नकार आले, आणि दुकानदार बापाचे स्वप्न तेथेच राहिले. त्याच १९३५ साली रिचर्ड फाइनमन या मुलालाही कोलंबियाने नाकारले. ज्यूंसाठी ठरवलेल्या जागा भरल्यामुळे हे झाले असे त्यांनी पुढे सांगितले. ते एमआयटीत गेले. पदवीनंतर प्रिन्स्टनला जाताना तेथील पदार्थविज्ञान विभागाच्या प्रमुखांनी एमआयटीला पत्र लिहून हा विद्यार्थी ज्यू आहे काय, अशी चौकशी केली होती. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. ज्यांना पुढे काहीच मिळाले नाही, त्यांच्या घरी आलेली नकारपत्रे कोणी जपून ठेवली नाहीत.

एका बापाचा पत्रव्यवहार मात्र छापला गेला, आणि तो ज्यू नव्हता. रॉस्को कॉन्क्लिंग ब्रूस हे कृष्णवर्णीय गृहस्थ स्वतः हार्वर्डचे १९०२ चे पदवीधर. त्यांचे वडील ब्लँच ब्रूस मिसिसिपी राज्यातर्फे अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसलेले. म्हणजे घराणे, शिक्षण, चारित्र्य, काय हवे ते होते. मुलाला हार्वर्डमध्ये घालायचे म्हणून ब्रूस यांनी पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात त्याच्यासाठी खोली मागितली. पहिल्या वर्षी तेथे राहणे विद्यार्थ्यांना बंधनकारक होते. लोवेल यांनी कळवले की शिक्षणाच्या संधी सर्वांना सारख्याच, परंतु गोऱ्या व काळ्या मुलांना एकत्र राहण्याची सक्ती करता येणार नाही. वडिलांनी १९२३ च्या जानेवारीत सडेतोड उत्तर लिहिले. ज्या विद्यापीठाने आपल्याला घडवले त्यालाच ते त्याची परंपरा शिकवत होते. हा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांत गेला, माजी विद्यार्थी चिडले, आणि त्याच वर्षी देखरेख मंडळाने लोवेल यांचे धोरण रद्द केले.

वसतिगृहातील खोलीचा विषय निघाला की बडोद्याच्या माणसाला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार. मुलाच्या शिक्षणासाठी जन्मभर झिजलेले सुभेदार रामजी त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत वारले होते. मुलगा न्यूयॉर्कला पोहोचला तो जुलैमध्ये. तेथे त्यांना विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ते नवल भथेना या पारशी मित्रासह राहिले. एम.ए. झाले, आणखी अभ्यास झाला, आणि १९१७ च्या सप्टेंबरात ते करार पाळण्यासाठी आपल्या गावी, बडोद्यास आले. येथे त्यांना खोली मिळाली नाही. पारशी सराईत पारशी नाव सांगून राहावे लागले. कोलंबियाची पदवी घेतलेल्या माणसाला नावाच्या रकान्यात खोटे लिहावे लागले ते या शहरात. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला, सामान बाहेर निघाले, ओळखीच्यांनी असमर्थता दाखवली, आणि रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कमाटी बागेत काढले. आम्ही लहानपणापासून त्या बागेत फिरलो. शाळेत सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीची गोष्ट आम्हांस अभिमानाने सांगण्यात आली. बागेची गोष्ट आम्ही नोकरीत लागल्यावर, स्वतः वाचून समजून घेतली. हार्वर्डच्या अर्जावर हसण्यापूर्वी आपल्या जुन्या घरांतील मंडळींनी तेव्हा कोणाला खोली दिली असती याचा विचार करणे भाग आहे. आमच्या आजोबांच्या घराला दोन रिकाम्या खोल्या होत्या.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. लोवेल १९३३ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्यामागून आलेल्या कोनंट यांनी राष्ट्रीय शिष्यवृत्त्या काढून पुन्हा परीक्षेला महत्त्व दिले. त्यासाठी जी सॅट नावाची चाचणी वापरात आली ती १९२६ मध्ये सुरू झाली होती, आणि तिचे जनक कार्ल ब्रिगहॅम यांनी त्याआधी वंशावरून बुद्धी ठरवणारे पुस्तक लिहिले होते. १९३० मध्ये त्यांनी ते मत मागे घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील छळाचे वास्तव समोर आल्यावर असल्या रकान्यांची लाज वाटू लागली. न्यूयॉर्क राज्याने १९४८ मध्ये प्रवेशातील वांशिक व धार्मिक भेदभावास बंदी करणारा कायदा केला.

रकाने गेले तरी 'व्यक्तिमत्त्व' राहिले. २०१४ साली हार्वर्डवर दावा दाखल झाला तो आशियाई वंशाच्या अर्जदारांच्या बाजूने. सुनावणीत विद्यापीठाची अंतर्गत गुणदान पद्धत बाहेर आली. अभ्यासात वरचढ असलेल्या आशियाई वंशाच्या मुलांना 'वैयक्तिक' गुणांच्या सदरात सरासरीने कमी गुण पडत होते. आपली अमेरिकेतली मुले यांतच मोडतात, म्हणून हे प्रकरण आपल्या घरांत बरेच चर्चिले गेले. खालच्या न्यायालयाने २०१९ मध्ये विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि वंश पाहून प्रवेश देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. या निकालाने कृष्णवर्णीय मुलांचे नुकसान होते की नाही यावर तेथे तीव्र मतभेद आहेत. आम्हांस वाटते, ब्रूस यांच्या नातवंडा-पतवंडांची बाजू आपल्या मंडळींच्या चर्चेत फारशी येत नाही, ती यावी.

याच सुनावणीत दुसरा एक रकाना उजेडात आला, त्याची चर्चा मात्र आपल्याकडे कमी झाली. आई किंवा वडील या विद्यापीठात शिकले होते काय? ज्यांचे उत्तर 'होय', त्यांच्यापैकी सुमारे तेहतीस टक्क्यांना प्रवेश मिळत होता. बाकीच्यांपैकी सुमारे सहा टक्क्यांना. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देण्याची रीतही १९२० च्या दशकातच रुजली. आणि छायाचित्र? ते २०१९ मध्ये वेगळ्याच वेषात परत आले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेत तेहतीस पालकांवर आरोप ठेवले गेले. विल्यम सिंगर नावाच्या सल्लागाराला त्यांनी मोठाल्या रकमा दिल्या होत्या. मुलांच्या परीक्षा दुसऱ्यांकडून देववल्या गेल्या, आणि काही मुलांचे चेहरे खेळाडूंच्या छायाचित्रांवर चिकटवून ती खेळाडू असल्याचे भासवण्यात आले. सिंगर यांना २०२३ च्या जानेवारीत साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. एका पिढीच्या मुलांना छायाचित्राने बाहेर ठेवले, दुसरीतल्या काहींना खोट्या छायाचित्राने आत नेले.

कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा करून माजी विद्यार्थ्यांच्या व देणगीदारांच्या मुलांना झुकते माप देण्यास खाजगी विद्यापीठांनाही मनाई केली. तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. एमआयटीत ही सवलत नाही. इतर अनेक जुन्या विद्यापीठांत ती आहे, आणि येथे आपल्या घरांचा प्रश्न बदलतो. बडोद्याहून, इंदूरहून, हैदराबादहून १९६० व १९७० च्या दशकांत जी मुले गेली, त्यांच्या अर्जात या रकान्यासमोर 'नाही' होते. त्यांच्या मुलांच्या अर्जात तेथे 'होय' लिहिले जाते. ते लिहिताना हा रकाना केव्हा आणि कोणत्या सुमारास रुजला, एवढे त्या घरातल्या आजी-आजोबांनी नातवंडांना सांगितले, तर ते त्यांच्या निबंधातही येऊ शकेल.